वळणाच्या बारा काठ्या

पाटातला गाळ काढणं म्हणजे काय, ते ज्यानं काढला त्यालाच ठाऊक. काठावरच्या माणसानं नुसते अंदाज बांधावेत. वरून बघाल तर वाटतं, त्यात काय एवढं? ओली माती, फावड्यानं उचलायची, घमेल्यात टाकायची, वर नेऊन ओतायची. खाली उतरलात की पहिल्याच फावड्याला कळतं. माती फावडं सोडत नाही. हिसडा देऊन सोडवावं तर निम्मी परत खाली. पाय धरते ती वेगळीच. एक उपसावा तर दुसरा रुततो, आणि दोन्ही एकदम उपसायला जाल तर बुडावर बसाल.

वहिनी सकाळपासून त्यात उभी होती. अख्खं गाव तिला वहिनीच म्हणायचं, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. गाळ मांडीला लागत होता. तिचा नवरा पुढं होऊन माती कापत होता, ती घमेली भरत होती आणि वन्सं, म्हणजे तिची धाकटी नणंद, डोक्यावर चुंबळ ठेवून घमेलं वर नेत होती. वर म्हणजे चांगलं पुरुषभर. तिथं पाट वळतो, आणि वळणावरचा काठ इतर ठिकाणच्या दुप्पट उंच. चढून चढून त्याची घसरगुंडी झाली होती.

"बारा मजूर एक खंदक पंधरा दिवसांत खणतात," घमेलं डोक्यावर घेता घेता वन्सं पुटपुटली, "तर वीस मजुरांना..."

"त्यातला एक तरी मध्येच पाणी प्यायला गेला का गं?" वहिनीनं विचारलं.

"पुस्तकातले जात नाहीत."

"बरं आहे बाई पुस्तकातल्यांचं. मलाही लावून दे तिथं कामाला."

वन्सं हसली आणि घसरली. घमेलं सांडलं. पुन्हा भरावं लागलं.

वन्संला सासरच्यांनी वर्षाच्या आत परत आणून सोडलं होतं. का, ते विचारायचं नाही असं घरात न बोलता ठरलं होतं. आता ती बाहेरून परीक्षेला बसत होती. बाकीच्या विषयांत तरली, गणितानं मात्र तिला दोनदा आडवी पाडली. गणितातही सगळ्यानं नाही, काळ-काम-वेगानं आणि चलनानं. कुणी किती केलं तर किती होईल, अमुक वाढलं तर तमुक कितीनं वाढेल, असली उदाहरणं. म्हणून ती जाता-येता तीच घोकायची. चुलीपुढंसुद्धा. एकदा दूध उतू गेलं तेव्हा वहिनीचा नवरा म्हणाला होता, हे कुठल्या चलनात बसतं तेवढं सांग.

पाटाचा नियम साधा होता. ज्याचं जेवढं रान, तेवढी पाटाची लांबी त्यानं दर वर्षी साफ करायची. एकराला दोन काठ्या. काठी म्हणजे खरोखरची काठी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण बसवलेली. ती आबांनी केली होती. आबा म्हणजे वहिनीचे सासरे. ऐन उमेदीत ते पाटकरी होते, पाण्याच्या पाळ्या लावायचे. त्यांच्या आधी गाळावरून डोकी फुटत. मी एवढा काढला, त्यानं तेवढाच काढला, असं चालायचं. आबांनी काठी आणली, सगळ्यांदेखत पाट मोजला, आणि भांडण मिटलं. तेव्हापासून त्यांचं नाव काठीआबा पडलं. म्हाताऱ्याला ते नाव स्वतःच्या नावापेक्षा प्रिय होतं.

नियमाला दुसरं टोक होतं. पाण्याचं दार सुटायच्या आत ज्याचा तुकडा साफ होणार नाही, त्याची पाळी सगळ्यांच्या शेवटी. मधून एक चर मारून ठेवला की पाणी कसंबसं पुढं जायचं, त्याची चिंता नव्हती. पण ज्याचा तुकडा राहिला त्यानं मग वाट बघत बसायचं. एरवी शेवटच्यालाही पाणी मिळे. यंदा तलाव निम्माही नव्हता. शेवटच्या पाळीला पाणी पोचेल असं पैजेवरही कुणी म्हटलं नसतं. आणि यांच्या सहा एकरांत कांद्याचं रोप माना टाकून उभं होतं. पहिल्या पाळीत पाणी मिळालं तर वर्ष निघणार, नाही तर नाही.

त्यांच्या शेजारचा तुकडा गवंड्याचा. रान त्याचंही सहा एकर, काठ्याही बाराच. पण त्याचा पाट सरळसोट, सुतानं आखल्यासारखा. पाणी तिथून पळत जायचं आणि गाळ आणून टाकायचं वळणावर. गवंड्याकडं वीतभर गाळ, इथं तीन विती. गवंडी आणि त्याची बायको दोन दिवसांत मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो काठावर पाय सोडून बसला होता.

"उरका वहिनी, उरका! चार दिवसांनी दार सुटतंय."

"उतरा की मग खाली. लवकर उरकेल."

"छे छे! एकराला दोन काठ्या. नियम म्हणजे नियम. तुमच्याच सासऱ्याची काठी हो ती," असं म्हणून तो स्वतःच्या विनोदावर खूश झाला. माणूस वाईट नव्हता. पण रिकाम्या माणसाला कामात असलेल्याची गंमत वाटते, तशी त्याला वाटत होती.

त्याच दुपारी नवऱ्यानं गाळात रुतलेला एक दगड उपटायला वाकून जोर लावला आणि तसाच राहिला. ओरडलासुद्धा नाही. नुसता वाकलेला. वहिनीला वाटलं दगड बघतोय.

"अहो, काय झालं?"

"हलता येत नाही," तो म्हणाला. अगदी शांतपणे म्हणाला, तेव्हाच तिनं हातातलं घमेलं टाकलं.

दोघींनी त्याला वर काढला. गवंडीही धावला. खाटेवर घालून घरी आणला. वैदूनं कमरेवरून बोट फिरवलं तसा तो कळवळला. पंधरा दिवस उठायचं नाही, वैदू म्हणाला, आणि वजनाचं नाव काढायचं नाही.

दिवे लागायच्या सुमारास सगळे खाटेभोवती बसले होते. मग वन्संनं कोळशाचा तुकडा घेतला आणि जमिनीवर आकडे मांडायला बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. हाताला चाळाच होता तो.

"तिघांनी दोन दिवसांत चार काठ्या काढल्या," ती म्हणाली. "म्हणजे दिवसाला दोन. राहिल्या आठ. तिघं असतो तर चार दिवसांत बरोब्बर झालं असतं."

"आणि दोघी?"

"सहा दिवस."

"दार चार दिवसांनी सुटतंय."

"म्हणून तर सांगतेय. एक माणूस कमी पडतंय."

"मजूर बघू," खाटेवरून नवरा म्हणाला.

"कुठं बघता? जो तो आपापल्या तुकड्यात आहे."

"मग गवंड्याला विचारू. तो मोकळा झालाय."

भिंतीशी बसलेले आबा तेव्हा पहिल्यांदा बोलले. "विचारायचं नाही. वळण आपलं आपण काढतो. आजवर कुणापुढं पदर पसरला नाही."

वहिनीनं हातावरचे फोड बघितले. एक फुटला होता आणि त्यात माती गेली होती.

वन्सं अजून आकड्यांतच होती. "आबा, मला एक कळत नाही. काठी नुसती लांबी मोजते. रान दुप्पट तर लांबी दुप्पट, हे समचलन झालं. ठीक. पण काम काही नुसत्या लांबीवर नसतं. लांबी, गाळाची खोली, आणि वर किती चढवायचा ते, या तिन्हींवर असतं. तिन्ही एकदम धरायच्या आणि गुणाकार करायचा. संयुक्त चलन म्हणतात त्याला. आपली खोली गवंड्याच्या तिप्पट. चढ दुप्पट. तीन दुणे सहा. म्हणजे आपली एक काठी गवंड्याच्या सहा काठ्यांइतकी. आपल्या बारा म्हणजे त्याच्या..." ती थबकली. आकडा तिलाच खरा वाटेना. पुन्हा मांडला. "बहात्तर."

खाटेवर नवरा मान वळवायला गेला आणि कण्हला.

"एवढं गणित येतंय तर नापास कशी होतेस?" आबा म्हणाले.

"परीक्षेत गाळ नसतो."

"ऐक पोरी. खोली दर वर्षी बदलते. आज इथं गाळ बसला, उद्या तिथं बसेल. खोलीनं मोजायला गेलो असतो तर दर वर्षी नवं भांडण. लांबी बदलत नाही. म्हणून लांबी धरली." त्यांचा आवाज चढला होता. "आणि वळण कुणी माझ्या गळ्यात मारलं नाही. मी मागून घेतलं. पाटकऱ्यानं सोपा तुकडा स्वतःला ठेवला असं कुणी म्हणायला नको, म्हणून भर सभेत मागून घेतलं. लोक अजून नाव काढतात."

ते खरंच होतं. लोक नाव काढत. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिलाही हे कौतुकानं सांगितलं होतं, आणि तिलाही तेव्हा फार भारी वाटलं होतं. मग दुसऱ्याच आठवड्यात ती वळणात उतरली. तेव्हा थोरले दीर होते, जाऊ होती, आबांनी ठेवलेला एक गडी होता. दीर-जाऊ शहरात गेले, गडी गेला. वळण आणि वहिनी तेवढी राहिली.

उठून तिनं चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी दोघीच उतरल्या. कापायचं, भरायचं आणि वर न्यायचं, तीन कामं आणि दोन बाया. वहिनीनं कापायचं आणि भरायचं दोन्ही घेतलं. पहिल्या तासात खांदा गेला. खांदा गेला म्हणजे दुखायचा थांबला, आपला नाहीच असं वाटायला लागलं. दुपारनंतर तिनं वन्संला खाली घेतलं आणि स्वतः घमेली वाहिली, तेवढाच बदल. डोक्यावरच्या घमेल्यातलं पाणी कानामागून पाठीत उतरत होतं. तिला पुसायलाही हात मोकळा नव्हता. खूप रडावंसं वाटलं, पण चढावर रडलं तर घसरायला होतं हे तिला माहीत होतं.

संध्याकाळी वन्संनं काठी टाकून पाहिलं. जेमतेम एक झाली होती.

"सहा दिवसही धरू नको वहिनी आता. काल मी आपल्याला ताजं धरलं होतं."

"चल माझ्याबरोबर," वहिनी म्हणाली.

"कुठं?"

"दाराकडं. पाटकरी असेल तिथं."

पाटाच्या दाराशी संध्याकाळी लोक जमत. आताचा पाटकरी दाराच्या चाकाला वंगण देत होता. ज्यांचं काम उरकलं ते गप्पा मारत होते. दोघी चिखलानं माखलेल्या तशाच गेल्या. वहिनीनं सांगायला सुरुवात केली आणि निम्म्यात तिचा आवाज बसला, तेव्हा उरलेलं वन्संनं सांगितलं. लांबी, खोली, चढ, गुणाकार. बहात्तर ऐकल्यावर कुणीतरी शीळ घातली.

"आम्हाला पाणी फुकट नको," वहिनी म्हणाली. "गाळ काढायला ना नाही. जेवढा आमच्या रानाला येतो तेवढा काढू. त्याहून जास्त आता होत नाही."

गवंड्यानं डोकं खाजवलं. "म्हणजे गाळाची खोली धरायची? मग माझी जमीनही धरा की. माझ्या रानात मुरूम आहे. पाणी टिकत नाही."

"आमचं रान शेवटाला," दुसरा म्हणाला. "येईपर्यंत निम्मं पाणी झिरपून जातं. ते कशानं गुणायचं?"

"माझा बैल म्हातारा झालाय, तो धरा!"

"अरे, याची बायको ऐकत नाही, ती धरा!"

हसायला सगळे तयारच होते. दिवसभर कमरेत वाकलेली माणसं, त्यांना निमित्त हवं होतं. हसता हसता एकाला ठसका लागला. वन्संचे कान लाल झाले. ती म्हणाली, "हसता काय? खोटं आहे का ते?" पण ते कुणाच्या कानापर्यंत गेलं नाही.

पाटकरी मात्र हसला नाही. त्यानं हात पुसले. "वहिनी, खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण एकेक गोष्ट धरत बसलो तर पाट मोजता मोजता पावसाळा येईल. नियम आबांनी घातलाय. आम्ही कसा मोडणार? ते स्वतः येऊन म्हणाले तर बदलू. आत्ता बदलू. त्यांचा शब्द आणा."

घराच्या दाराशी वहिनीनं पाय धुतले, नखांतला गाळ काडीनं काढला, आणि सरळ आबांसमोर जाऊन उभी राहिली.

"मामंजी, पाटकरी म्हणतो तुमचा शब्द हवा."

"कसला शब्द?"

"वळण जड आहे एवढंच सांगायचं. बाकी तो बघेल."

आबांनी मान फिरवली. "आयुष्यभर जी गोष्ट मानानं केली, ती आता रडत जाऊन परत करू? लोक तोंडात शेण घालतील."

"मान तुमचा, मामंजी," वहिनी म्हणाली. "फावडं माझं."

सासऱ्यासमोर ती आजवर वर मान करून बोलली नव्हती. नवऱ्यानं खाटेवरून "अगं" म्हटलं आणि पुढं काही सुचलं नाही म्हणून तेवढ्यावरच थांबला.

"तुम्ही मागून घेतलंत ते ऐकून ऐकून मला पाठ झालंय. मला कुणी विचारलं होतं? कांदा जळाला तर तोही मानानंच जळू दे. माझ्यात आता राहिलं नाही." तिचा आवाज चढला नाही. इतकी दमली होती की रागावायलाही अंगात त्राण नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. ती आत गेली आणि न जेवता आडवी झाली.

सकाळी मात्र ती गेलीच. पाय आपोआप गेले, दुसरं काय. पोचते तो वळणावर आबा उभे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात नवऱ्याचं फावडं. धोतर वर खोचलेलं, पोटऱ्या वाळक्या शेंगांसारख्या.

"एक माणूस कमी पडतंय म्हणत होतीस ना," ते वन्संला म्हणाले. "घे, झाले तीन."

"आबा, नको! तुम्हाला झेपणार नाही."

"तुझ्या वयाचा होतो तेव्हा हा पाट मी मोजलाय."

"मोजलाय," वन्सं म्हणाली. "वरून."

आबा उतरले. पहिल्याच पावलाला गुडघाभर गेले. दुसरं टाकलं आणि थांबले. फावडं मारलं, ते मातीत बसलं ते बसलंच. ओढलं तर स्वतःच पुढं झुकले. कसंबसं एक घमेलं भरलं. वहिनी वर न्यायला पुढं झाली, त्यांनी हातानंच तिला अडवलं. घमेलं उचललं, छातीशी धरलं आणि चढाला लागले. दोन पावलं गेले. तिसऱ्याला पाय सरकला आणि म्हातारा घमेल्यासकट खाली आला. सगळा गाळ अंगावर. काठी वर काठावर ठेवली होती, ती गडगडत येऊन त्यांच्याशेजारी पडली.

दोघींनी धावत जाऊन त्यांना बसतं केलं. लागलं कुठं, म्हणून वन्सं चाचपत होती. लागलं काही नव्हतं. ते नुसते धापा टाकत होते आणि वळणाकडं बघत होते. खालून वळण केवढं दिसतं, ते आबा बहुधा पहिल्यांदाच बघत होते. पाटकरी असताना ते काठावरून चालायचे. त्यानंतरही ते उतरलेच नाहीत, गरज पडली नाही. मुलं होती, गडी होता, सून होती.

"रोज असंच असतं?" त्यांनी विचारलं.

"रोज," वहिनी म्हणाली.

मिशीतला गाळ त्यांनी बोटानं निपटला. मग वन्संला म्हणाले, "जा, पाटकऱ्याला बोलाव. आणि जे मोकळे असतील त्यांनाही."

लोक आले. काठीआबा गाळात बसलेत हे कळल्यावर येणारच. काठावर ही गर्दी. गवंडी हात द्यायला पुढं झाला, आबांनी नको म्हटलं. बसल्या जागेवरूनच बोलले. मोठ्यानं बोलायचा दम नव्हता, म्हणून सगळ्यांना गप्प राहावं लागलं.

"वळण मी मागून घेतलं, ते खरं. काढलं मी नाही. ते हिनं काढलं." त्यांनी काठी उचलली आणि वहिनीपुढं धरली. "पाटकरी, काठी आता हिच्या हातात. हिचा वाटा कुठपर्यंत ते ही सांगेल. ही म्हणेल तिथं खूण कर."

वहिनी काठी घेऊन उभी राहिली. इतकी वर्षं काठी घरात होती, पण तिनं ती कधी हातात घेतली नव्हती. वाटलं होतं त्यापेक्षा हलकी होती.

"वन्सं," ती म्हणाली, "पाच झाल्या. पाच म्हणजे गवंड्याच्या किती?"

"तीस."

सगळे तिच्याकडं बघत होते. तिला वाटलं, एखादी काठी आणखी आपल्याकडं ठेवावी, बरं दिसेल. कुणी म्हणायला नको की हिनं अंग काढलं. मग तिला कळलं की हे असंच सुरू होतं. तिनं काठी उभी धरली आणि जिथं उभी होती तिथंच गाळात रोवली.

"इथं," ती म्हणाली. "झाला माझा वाटा."

पाटकऱ्यानं खुणेची खुंटी ठोकली आणि गर्दीकडं बघितलं. "उरल्या सात. सगळ्यांच्या. चला."

पहिला गवंडीच उतरला. मग त्याची बायको, मग शेवटच्या रानातला, मग म्हाताऱ्या बैलाचा धनी. वीस-बावीस माणसं झाली. कापणारे कापायला लागले, आणि काठावर कुणी चढायचंच नाही असं गवंड्यानं ठरवलं. माणसांची ओळ लावली, घमेलं या हातातून त्या हातात वर जाऊ लागलं. कुणीतरी पुन्हा बायकोचा विनोद केला, पुन्हा सगळे हसले. गाळ असा हलत होता की जणू त्याला कधी वजन नव्हतंच. वन्सं ओळीत मध्ये उभी होती.

वहिनी काठावर बसली. तिला बसायला सांगितलं होतं, आणि तिच्यानं उभंही राहवत नव्हतं. तिच्याशेजारी आबा. दोघंही खाली बघत होते.

उन्हं डोक्यावर यायच्या आत पाटाचा तळ दिसला. लोकांनी पाय धुतले. कुणाला फार दमल्यासारखंही झालं नव्हतं. जेवायला घरी जाऊ म्हणत निघालेसुद्धा. गवंडी फावडं खांद्यावर टाकून वर आला.

"बघा वहिनी, झालं पण! एवढंच होतं तर आधी नाही का बोलायचं?"

"काल बोलले होते."

"ते हो," गवंडी ओशाळून हसला. "पण आबांचा शब्द म्हणजे वेगळं पडतं ना. आता पाणी तुम्हाला तुमच्या पाळीला. कांदा वाचला समजा." असं म्हणून तो गेला.

आबांनी घसा खाकरला. उठले, आणि काठी वहिनीपाशीच ठेवून घराच्या वाटेला लागले.

वन्सं पदरानं तोंड पुसत आली आणि बघते तर वहिनी रडत होती. हुंदके देऊन नाही. नुसतं डोळ्यांतून वाहत होतं, आणि मातीच्या हातांनी पुसता येत नव्हतं.

"अगं, झालं ना मनासारखं? पाणी मिळालं, वळण सुटलं. आता कशाला रडतेस?"

वहिनीनं खाली बोट दाखवलं. तळ लख्ख होता.

"जन्म गेला गं माझा यात," ती म्हणाली. "आणि जेवायच्या आत झालं."